बाबांसाठी गाळलेलं तेरावं स्तोत्र

४ मार्च

शेवटी बोललेच मी. पाळकसाहेबांच्या तोंडावर.

आमच्या चर्चच्या अभ्यासवर्गाची रीत अशी — दर गुरुवारी प्रत्येकाला स्तोत्रांतला एक हिब्रू शब्द मिळतो. आठवडाभर त्याच्यासोबत राहायचं, मग त्यातून काय मिळालं ते सांगायचं. मला दिला होता ‘कावा’. वाट पाहणे, आशा धरणे. (आपल्याकडे कावा कशाला म्हणतात, ते मी गिळलं.) पाळकसाहेब म्हणाले, “दोरीला हळूहळू पीळ बसतो ना, ताई, तसं असतं ते.” मी म्हटलं, “पीळ बसलाय साहेब. आता ही दोरी कुणाच्या गळ्यात घालू, ते सांगा.”

कुणी हसलं नाही. घरी येताना मला मात्र हसू आलं.

५ मार्च

हा वर्ग बाबांनीच सुरू केला. हिब्रूही त्यांनीच शिकवलं सगळ्यांना. आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंडून एक शब्द नाही. वर्गातले येतात, खाटेशी उभे राहतात — किती शांत दिसतात! चेहऱ्यावर काय तेज आहे! दाढी मी करते म्हणून आहे तेज.

बाबांना कुठली स्तोत्रं वाचून दाखवायची, तेही वर्गाने ठरवून दिलंय. मेंढपाळाचं, पंखांच्या सावलीचं. रागाची गाळायची, आजाऱ्याला त्रास नको. मीही मुकाट्याने गाळते.

८ मार्च

धाकट्या भावाचा फोन. “ताई, बाबांसाठी एक जागा बघितलीय. माणसं चांगली आहेत, नर्स असते. रविवारी येऊन बाबांना घेऊन जातो.”

“त्यांना विचारलंस?”

“त्यांना कुठे काय कळतंय आता?”

डोक्यात तिडीक गेली. कामावर, दातांच्या लॅबमध्ये, एका कवळीत दोन दात चुकीच्या बाजूला बसवले. मालक म्हणाले, बाई, आज घरी जा.

९ मार्च

कळतं की नाही, मलाही ठाऊक नाही. खरं तेच आहे. डोळे छताला लागलेले. घास भरवला की गिळतात. कळत असेल तर माझा हात दाबा म्हटलं, तर दाबत नाहीत.

धाकट्याचं खरं निघालं तर? त्या शंकेचाच जास्त राग येतो.

११ मार्च

‘कावा’ टाकला. शब्द आपण निवडायचा नसतो, तरी निवडला. अद-आना. म्हणजे कुठवर. तेराव्या स्तोत्रात लागोपाठ चार वेळा येतो. हे स्तोत्र वर्गात कितीदा झालंय! पण आम्ही नेहमी शेवट घेतो — गाणं, कृपा. सुरुवातीला तो माणूस देवाला चक्क धारेवर धरतो, तिकडे कुणी फिरकत नाही. पाठीमागे कुरकुर नाही, समोर उभं राहून विचारतो. आणि देवाने ते खपवून घेतलंय. मला एवढं पुरे आहे.

“हा शब्द कुणी दिला?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“मीच घेतला.”

१३ मार्च

उद्या धाकटा येणार. सकाळी बाबांचे कपडे घड्या करून बॅगेत भरले. भरताना प्रत्येक सदऱ्यावर राग काढला.

मग खुर्ची ओढली आणि गाळलेलं तेरावं काढलं. हिब्रूतच वाचलं, अडखळत, बाबांनी शिकवलं होतं तसं. मोठ्याने. देवावर ओरडायला मला दुसरी जागा नव्हती. चौथ्या ‘अद-आना’ला माझा आवाज चिरकला, शब्द घशातच राहिला.

तो बाबांनी म्हटला.

जड जिभेने, पण स्वच्छ. गाल थरथरत होता, कपाळावरची शीर उभी. हा चेहरा मी ओळखते. लहानपणी आमच्यापैकी कुणी खोटं बोललं की असाच व्हायचा. शांत कसले! इतके महिने हा माणूस संतापून पडला होता, आणि आम्ही त्याला मेंढरांच्या गोष्टी सांगत होतो.

मी रडले. मग किती बरं वाटलं! घरात रागावलेली मी एकटी नाही.

१४ मार्च

धाकटा आला. बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडला, “बाबा, निघायचं ना?” बाबांनी मान वळवून त्याला विचारलं — अद-आना.

“काय म्हणाले?”

“कुठवर, म्हणाले.”

त्याने बॅग उचलली, परत खाली ठेवली. मग खाली जाऊन त्याने गाडी परत पाठवली. मी जिंकल्यासारखी बाबांकडे वळले.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मलाही तेच विचारलं.