आई, आज तुरुंगात ड्यूटीला जाऊ नकोस

आई,

तुझी सुट्टी शिल्लक आहे, ती आजच घे. गणवेशाला इस्त्रीसुद्धा करू नकोस.

ठिणगी आणि गोगलगायला सोडवायला आम्ही तिघं तुझ्या तुरुंगात चाललोय. गिरणीला आग ठिणगीने लावली नव्हती, तिने ती तळहातांत ओढून घेतली. गोगलगायने वाऱ्यासारखं धावत अकरा कामगार बाहेर काढले. तरी तुमच्या साहेबांनी दोघांनाच कोंडलं. परवा जेवताना तू म्हणालीस, "पोरं आहेत गं ती," आणि ताट सारून उठलीस. मी तेव्हाच ठरवलं.

काळजी करू नकोस. मी भिंतीतून आत जाईन, पहिलवान गज वाकवेल आणि बुटकी नुसतं गुणगुणून पहारेकऱ्यांना झोपवेल. कोणाच्या केसालाही धक्का लागणार नाही.

तुझ्या किल्ल्या खुंटीवरच आहेत. घेतल्या असत्या तर काम चुटकीसरशी झालं असतं, पण तुला उद्या साहेबांसमोर मान खाली घालायला लागू नये.

त्यांनी माझं नाव विचारलं तर खुशाल सांग. आडनावासकट सांग.

तुझीच कार्टी