दादरपर्यंतचा पास

आणि पोटासाठी केलं हे आता परत सांगू नकोस, आये. ते वाक्य मला पाठ आहे. शेजारणीला सांगायचीस, गाडीतल्या बायांना सांगायचीस, मास्तर घरी आला तेव्हा त्याच्याही तोंडावर तेच फेकलंस. पोट तुझं होतं, दादाचं होतं, माझं होतं, मान्य. पण पाय माझा एकट्याचा होता. तिघांच्या पोटाला एकाचा पाय लावलास, आणि वर म्हणायचीस, देवानं दिलं तसं पोरगं सांभाळते. देवानं दिलं ते अर्धंच वाकडं होतं गं. उरलेलं तू वाकवलंस.

तू गेलीस त्यालाही खूप वर्षं झाली. आपलं भांडण मिटलं असं मी धरून चाललो होतो. मी आता जबलपूरला असतो. नगर झालं, सुरत झालं, याचं बूड एका जागी टिकायचं नाय असं तू म्हणायचीस तेवढं मात्र खरं निघालं. इथे जळालेल्या मोटारींत तांब्याची नवी तार भरायचं काम करतो. बसून करायचं काम, हातांचं. पायाला कोणी काही विचारत नाही. तर परवा दादाचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्याच्या धाकटीचा, जिला मी अजून पाहिलंसुद्धा नाही, तापात डावा पाय लुळा पडला. माझाही डावाच. तिला पट्ट्यांचा बूट मिळालाय, गाडीचा पासही झालाय, आणि वहिनी तिला कडेवर घेऊन रोज कल्याणला वालाच्या शेंगा विकायला जाते. खाली लिहिलंय, "बूट घरात ठेवला हाय. घातला तर पास जाईल, आये सांगायची तेच आमी धरलं हाय." जसं काही तू मागे चालतं दुकान ठेवून गेलीस. म्हणून हे लिहायला बसलो.

खालापूरच्या कचेरीतला तो दिवस मला लख्ख दिसतो. बाबा वारून वर्ष झालेलं, भाताचं एक पीक, त्यातलं अर्धं आधीच खाल्लेलं. मी तुझ्या पाठीवर. गावातल्या कुणीतरी सांगितलेलं की लंगड्या पोराला मुंबईच्या इस्पितळात न्यायला गाडीभाड्यात सवलत मिळते, आणि सोबतच्या माणसालाही मिळते. आत गेल्यावर तू मला खाली ठेवलंस, तर मी बाबूच्या टेबलाचा काठ धरून उभा राहिलो. बाबूनं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "चालतो का?" तू म्हणालीस, "नाय हो सायेब, एक पाऊल टाकत नाय." आणि खालून माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की मी खरंच खाली बसलो. बाबूला हसू आलं. पण त्यानं शिक्का मारला. त्याचा एक प्रश्न आणि तुझं एक उत्तर. तू ते उत्तर जन्मभर शपथेसारखं पाळलंस आणि मला पाळायला लावलंस.

पहिल्या वेळी तू मला खरंच दादरला नेलंस, तेवढं तुझं देणं मी कबूल करतो. डॉक्टरनं पाय मोजला, पुढच्या खेपेला बूट चढवला. दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्यावर चामड्याचा पट्टा, खाली जाड तळ. इस्पितळाच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत मी चाललो आणि तू पदर तोंडात धरून रडलीस. डॉक्टर म्हणाला, रोज घालायचा. पोरगं वाढतंय, दर काही महिन्यांनी येऊन नव्या मापाचा करून न्यायचा, नाहीतर गुडघा आखडेल आणि मग काही करता येणार नाही. तू मान हलवलीस. संध्याकाळी कर्जतला मी माझ्या पायांनी गाडीतून उतरलो. फाटकावरच्या टीसीनं बघितलं आणि बिचारा आनंदानं ओरडला, "अरे वा! पोरगा चालायला लागला की गं तुझा!"

तुझं तोंड पडलं. मला वाटलं, चालून चालून माझं काहीतरी चुकलं.

घरी आल्याबरोबर तू बूट काढलास आणि खुंटीला अडकवलास. म्हणालीस, "सणासुदीला घालू. लोकांनी बघितलं तर पास काढून घेतील." दादानं विचारलं, "कोनी सांगितलं तुला?" तर म्हणालीस, "सांगायला कशाला लागतं? चालत नाय म्हनून दिला ना? मग चालला की जानार." इतकं सरळ, इतकं बरोबर, की आम्हां दोघांनाही पटलं. कुणाला विचारायची तुला गरजच वाटली नाही. बाजारात दुधी घेताना दहा ठिकाणी नख लावून बघणारी बाई तू, पण माझ्या पायाचा भाव एका फटक्यात ठरवून मोकळी झालीस.

मग आपली दुकानदारी सुरू. डोक्यावर दोन पाट्या, वर एक खाली एक, शेंगा, काकड्या, शिराळी, आणि पाठीवर मी. पास दादरपर्यंतचा, पण आपण उतरायचो कल्याणला, कारण बाजार तिथे. दादरला फक्त इस्पितळ होतं. गाडीत बाया म्हणायच्या, "लंगड्याची आय आली गं, सरका." तू लगेच चेहरा पाडायचीस, आणि जागा मिळाली की त्याच तोंडानं हसून भाव विचारायचीस. तोच टीसी एकदा म्हणाला, "बाई, पोरगा लंगडा हाय ते कळलं, या पाट्या पन लंगड्या हायत का?" तू म्हणालीस, "त्याचा खाऊ हाय, सायेब." डबाभर बाया हसल्या. मीही हसलो. मला काय, मला मजा वाटायची.

गावात पोरं मला "ए पास" म्हणून हाक मारायची. एकदा तुला ताप होता तर तू मला मावशीला दिलंस. उसनं पातेलं देतात तसं. "ने माझा पास आजच्या दिवस, पन दुपारच्याला परत आन." मावशीनं मला तीन वेळा आपटलं आणि येताना माझ्यासाठी म्हणून तुझ्याकडे अर्धी पाटी जांभळं दिली, ती तू विकलीस. मास्तर आला तो त्याच पावसाळ्यात. म्हणाला, पोराचं डोकं चांगलं आहे, शाळेत बसू दे. तू पोटाचं तुझं ते वाक्य ऐकवलंस आणि विचारलंस, "शाळा याला भाडं देते का?" दुसरी यत्ता माझी अर्धी राहिली, ती तिथेच राहिली. आज हे लिहिताना कुठे काना, कुठे मात्रा, तू तरी मोजू नकोस.

बूट मी दोन दिवाळ्या घातला. तिसऱ्या दिवाळीला पाय आत जाईना. तू म्हणालीस, "मोठा झालास रं," आणि लाडानं माझ्या तोंडावरून हात फिरवलास. रोज त्याच गाडीत बसत होतो आपण. कल्याणला न उतरता बसून राहिलो असतो, एवढंच करायचं होतं. त्याच पासावर मला पुढे दादरला नेता आलं असतं, ते तसंच सोडून तू उतरलीस, रोज. गुडघा आधी जरा वाकला, मग तसाच राहिला. मी दहा-बारा वर्षांचा झालो तेव्हा तू धापा टाकत म्हणायचीस, "जड झालास रं," आणि मी मुद्दाम अंग सैल सोडून आणखी जड व्हायचो. तू काविळीनं आठवड्यात गेलीस. बाया रडत म्हणाल्या, आता या लंगड्याला कोण नेणार? मी मनात म्हटलं, आता ही मला कुठेच नेणार नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

सुरतेला असताना माझा अपंगाचा दाखला नवा करायचा होता. डॉक्टरनं गुडघा दाबून बघितला, म्हणाला, लहानपणी बूट नाही दिला? मी म्हटलं, दिला होता, पण घातला असता तर सवलत गेली असती. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "अरे, बूट घालूनच लोक प्रवास करतात. बूट काढला की पाय तोच ना? सवलत पायाला असते." मी तिथेच हसायला लागलो. त्याला वाटलं, डोक्यातही काहीतरी आहे. ऐकलंस, आये? जाणार नव्हता पास. मी चाललो असतो, आणि तुझ्या पाट्याही चालल्या असत्या. दोन्ही झालं असतं. फक्त कुणाला तरी विचारायला हवं होतं.

दादाला हे सगळं मी कळवलं आहे, वेगळ्या पत्रात, गोड शब्दांत नाही. बूट आजपासून पोरीच्या पायात. बाजार वर्षभर बुडाला तरी चालेल, तेवढं मी पाठवीन, पण पहिल्या खेपेला वहिनीनं पोरीला घेऊन दादरला जायचं, पायाचं माप द्यायचं, डॉक्टरचा कागद मला पाठवायचा. मधेच कल्याणला उतरली असं कळलं तर माझा पैसा बंद, आणि पोर मोठी झाल्यावर तिला मी स्वतः सांगेन की तुझा पाय कुणी खाल्ला.

खरं तर मीच जाऊन तिला न्यायला हवं. मालक रजा देतो, तो प्रश्न नाही. पण स्टेशनचा जिना मी दोन्ही हातांनी कठडा धरून चढतो. पोर कडेवर घेतली तर एक पायरी चढणार नाही माझ्याच्यानं. तू मला आणि भरल्या पाट्या घेऊन कल्याणचा जिना न थांबता चढायचीस. कशी चढायचीस, ते मला अजून कळत नाही, आणि हे दादाच्या पत्रात मी लिहिलेलं नाही.

हा कागद कारखान्यात तेलाचे हात पुसायला जाईल. मनिऑर्डर उद्या जाते, दादाच्या नावानं नाही, वहिनीच्या. बुडणाऱ्या बाजाराचे दोनशे चाळीस रुपये.