हेमा, बरणीला हात लावू नकोस

मी, श्रीमती हेमलता बळवंत चांदोरकर, वय ७१, केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त, राहणार गाझियाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणाचे दडपण नाही आणि सकाळपासून चहाखेरीज काही घेतलेले नाही. पुढचा मजकूर पाहता हे नमूद केलेले बरे.

१. राहता फ्लॅट, बँकेतील ठेवी व दागिने माझी एकुलती मुलगी मैत्रेयी हिला द्यावेत. त्याबद्दल वाद नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

२. स्टीलचे मोठे पातेले, झाकणाच्या दोन बादल्या, रबरी नळी, बुचे बसवण्याचे यंत्र आणि माझे पती कै. बळवंत यांची वही, हेही मैत्रेयीलाच. या सामानात बळवंत घरी एल, म्हणजे जवाची बिअर, करीत. हे कलम गाळावे असे वकील अपूर्वा यांनी सुचवले. तेहतीस वर्षे मी सरकारी मसुद्यांतून नको ते गाळत आले. हे गाळणार नाही.

हिवाळ्यातल्या रविवारी बापलेक स्वयंपाकघर ताब्यात घेत. ती नळी धरी, ते बुचे लावत. मला तो वास सोसत नसे, म्हणून मी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर महिला मंडळाच्या बैठकीला निघून जाई. त्या बैठकांत काय ठरले ते आज काहीच आठवत नाही. दाराबाहेर पडताना मागे दोघांचे हसणे ऐकू येई, ते मात्र आठवते. तेव्हा परत फिरायला हवे होते.

३. पानिपतची तीन कांबळी. बाटलीत भरल्यावर एल आतल्या आत फेस धरते. त्याला ऊब लागते, आणि इथल्या जानेवारीत ऊब कुठली? म्हणून बाटल्या कांबळ्यांत गुंडाळून दिवाणाच्या पेटीत ठेवायच्या. बळवंत म्हणत, "पानिपतात आपण गमावलं ते गमावलं, निदान कांबळी तरी आणूया." ती मैत्रेयीने घ्यावीत. भंगारवाल्याला देऊ नयेत.

४. माझे दीर श्रीरंगभावजी यांना एक रिकामी बाटली, स्वच्छ धुऊन.

डिसेंबर २०१८ मध्ये बळवंतांनी छत्तीस बाटल्या भरल्या आणि नवव्या दिवशी ते गेले. तेराव्याला माणसे येणार होती. भावजी म्हणाले, "वहिनी, घरात दारू आहे हे कळलं तर लोक काय म्हणतील?" मी छत्तीसच्या छत्तीस मोरीत ओतल्या. मैत्रेयी मृत्यूचा दाखला घेऊन परतली तेव्हा मोरीत अजून फेस होता. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "आई, बाबांचा हात लागलेलं ते शेवटचं होतं. मला विचारायचं तरी."

सांगितले भावजींनी, पण हात माझे होते. म्हणून त्यांच्यावरचा राग एका बाटलीपुरताच ठेवला आहे.

मैत्रेयी गुडगावला राहते. दिवाळीला येते, पाणी पिते आणि "चलो आई, निघते" म्हणते. सहा वर्षे तिने या घरात पाण्याशिवाय काही घेतलेले नाही. मला ती फार हवी आहे. हे तोंडाने सांगता आले नाही, म्हणून कागदावर लिहिते.

५. फ्रिजमधली काचेची बरणी. तिच्या तळाशी यीस्टचा पांढुरका थर आहे. बळवंत विरजणासारखे दर खेपेला थोडे मागे ठेवत. बरणीवर त्यांची चिठ्ठी आहे : "हेमा, बरणीला हात लावू नकोस." सगळे ओतले त्या दिवशी ही तेवढी वाचली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांची ऐकलेली ही बहुधा एकच गोष्ट.

पुढल्या हिवाळ्यात मी वही उघडली. "दर बाटलीला एक चमचा साखर," असे त्यांनी लिहिलेले. माझा हात पडला लाडवांचा, शिगोशीग घातली. भर दुपारी दिवाणात अकरा बाटल्या लागोपाठ फुटल्या. कांबळ्यांवरचे डाग तेव्हाचे. वरच्या मजल्यावरचे सूर्यकांत हुद्देदार धावत आले. "वहिनी, बिल्कुल सिलेंडरच फुटला असं वाटलं यार." सोसायटीत तक्रारही त्यांनीच केली, ती मी विसरलेले नाही. तरी साक्षीला त्यांनाच बोलावले आहे. निदान मी काय करते ते त्यांना ठाऊक आहे. चमचा सपाट घ्यायचा, मैत्रेयी.

आता बाटल्या फुटत नाहीत. फेस चांगला धरतो. पण चव बळवंतांच्यासारखी येते की नाही, हे मला सांगता येत नाही, कारण त्यांनी केलेली मी कधी चाखलीच नाही. ते तिला एकटीला माहीत आहे.

६. या १२ जानेवारीला त्याच यीस्टच्या छत्तीस बाटल्या भरल्या आहेत. २३ फेब्रुवारीला, रविवारी, त्या तयार होतील. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, असे अपूर्वा म्हणाल्या. मला तेवढा धीर नाही. याची एक प्रत मैत्रेयीला आजच कुरिअरने पाठवत आहे. तिने त्या रविवारी यावे, एक घोट घ्यावा आणि बाबांची चव आली का ते सांगावे. नसेल आली तरी सांगावे.

मी त्या दिवशी बैठकीला जाणार नाही. घरीच आहे.

मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. हुद्देदार एकदा हसले, नंतर हसले नाहीत. मग तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

(सही) हेमलता बळवंत चांदोरकर

साक्षीदार :
१. (सही) सूर्यकांत हुद्देदार, वरचा मजला
२. (सही) डॉ. विजयालक्ष्मी राव, यांनी आज माझी प्रकृती तपासली

स्थळ : गाझियाबाद
दिनांक : १८ जानेवारी २०२५