निळ्या कॅप्सूलचा एकमेव पुरावा

९ ऑगस्ट, मंगळवार. आदिलाबाद
आजपासून माझ्या बॅगेची चेन लागत नाही, याची इतिहासानं नोंद घ्यावी. एकवीस वर्षं याच बॅगेत खोकल्यापासून खरजेपर्यंतची औषधं कोंबून मी कंपनीचा एमआर म्हणून गावोगावचे दवाखाने फिरलो. चेननं कधी हूं की चूं केलं नाही. आता कंपनीनं एक पिवळा रबरी गोळा दिलाय. माणसाच्या अंगातली दोन किलो चरबी अशी दिसते म्हणे. डॉक्टरच्या टेबलावर तो ठेवायचा आणि मग वजन घटवायच्या निळ्या कॅप्सूलचं बोलायचं. बॅग उघडी राहते, चरबी बाहेर डोकावते. इंद्रवेल्लीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "अन्ना, पनीर है क्या?" चरबीचं वेगळं तिकीट फाडलं नाही, एवढी माणुसकी.

११ ऑगस्ट
निळीचे पहिले डॉक्टर: डॉ. रा. (नाव इथंही पुरतं लिहीत नाही. रोजनिशी कोणाच्या हाती पडेल नेम नाही, आणि सर्दीची औषधं तेच लिहितात.) स्वतः वजनानं शंभर किलोच्या पुढचे. गोळा बोटानं दाबून पाहिला. "घुटने का दर्द लेके आता है पेशंट. मैं बोलूँ तू मोटा है, तो सामनेवाले डॉक्टर के पास जाएगा. सुई दूँ तो दुआ देगा."
मी म्हटलं, ही कॅप्सूल खाल्लेलं तेल पचूच देत नाही, तसंच बाहेर काढते.
"वही तो. तुम्हारी तरफ की औरतें सुबह अँधेरे में जाती हैं ना? दोपहर को दौड़ना पड़ा तो कहाँ दौड़ेगी? पहले संडास बेचो, फिर ये."

१२ ऑगस्ट
बसस्टँडजवळचा मेडिकलवाला गजू: "भाऊ, माह्याकडं वजन वाढवाची पावडर हप्त्याले डझन जाते. पोरगी पाह्याले पाव्हणे येनार म्हटलं का माय येऊन घेऊन जाते. घटवाचं कोन मांगते?"
खरंच आहे. इथं माणूस जाड झाला की तब्येत सुधारली म्हणतात. वाळला की टीबी का शुगर, एवढंच विचारायचं उरतं. कंपनीच्या साप्ताहिक फॉर्मात एक रकाना आहे: विक्री न होण्याची कारणं. रकाना दीड इंचाचा. लिहिलं, "लोक सुखी आहेत."

१८ ऑगस्ट. राखी. वांकिडी
आक्काकडं. आई गेली तेव्हा ही चौदाची, मी पाचचा. तिनंच जेवू घालून मोठा केला. आता सत्तावन्न, गुडघे बोलतात, भाऊजींच्या किराणा दुकानात बसून असते.
निळीचं सांगितलं. दिवाळीपर्यंत खपली नाही तर मला घरी बसवतील, हेही सांगितलं. सांगायला नको होतं.
"यानं तुही नौकरी टिकते ना? मंग दे."
वजन कशावर करायचं? धान्याच्या काट्यावर. भाऊजी सवयीनं म्हणाले, "बारदाना कापू का?" पोत्यासोबत तागाच्या रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात तसं. आक्का म्हणाली, "लुगड्याचा कापा अर्धा किलो." शहाऐंशी भरली. भाऊजींनी वहीत लिहिलं, तारीखवार. दोन महिने पुरतील अशा सहा मोठ्या स्ट्रिपा सॅम्पल तिच्या हाती देऊन आलो. जेवणासोबत एक-एक, तीन वेळा.

३० ऑगस्ट
मंचिर्यालला मीटिंग. दसऱ्याला आपल्या जिल्ह्याचे चार होणार म्हणतात. आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल, आसिफाबाद. एरिया मॅनेजर हैदराबादचा, हिशेबाला पक्का. "एक जिला था, एक टार्गेट. अब चार जिले, चार टार्गेट." माणसं तेवढीच आहेत, पोटंही तेवढीच, असं म्हणायचं होतं. चहा चांगला होता म्हणून गप्प बसलो.

१२ सप्टेंबर
भाऊजींचा फोन. "एकोणऐंशी. बारदाना कापून." दोनदा विचारलं. काटा तपासला का? "गव्हरमेंटचा छाप हाये त्याच्यावर, बाबू."
एकवीस वर्षांत माझ्या औषधानं कोणाला बरं केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी बायकोला, शोभाला, जिलेबी आणली. तिनं विचारलं, कशाची? म्हटलं, विज्ञानाची.

२३ सप्टें.
वांकिडी. साखरेच्या पोत्यांपुढं उभी करून आक्काचा फोटो काढला. गालाची हाडं दिसायला लागली आहेत. आमच्या लहानपणी दिसायची तशी. "जेवतेस ना?" विचारलं. "मोजून. तुह्या कंपनीनं सांगतलं तसंच." हसली. माझ्या पानात मात्र तीन भाकरी.
परत निघताना दारापर्यंत आली, खांबाला धरून उभी राहिली. गुडघे, म्हणाली.

२९ सप्टें.
फोटो चालला. मॅनेजरनं ग्रुपवर टाकला, मी दिलेला तिचा जुना, कोणाच्या तरी लग्नातला एक शेजारी जोडून. आधी आणि नंतर. डॉ. रा. यांनी मोठा करून पाहिला. "सगी बहन?" सख्खी. पाच पेशंटना लिहून दिली. गजूनं स्वतःहून दोन पाकिटं मागवली. "आपल्या गावच्या बाईवर चालली म्हंजे चालली, भाऊ."
रकान्यात आज लिहिलं: कारण नाही. विक्री आहे.

११ ऑक्टो. दसरा
आजपासून आक्का परजिल्ह्यात. आमचा आदिलाबाद, तिचा आसिफाबाद. ती म्हणे, "घर हाललं नाई, जिल्हा हालला." आमचे वडील, आबा, निजामाच्या राज्यात जन्मले, आंध्रात म्हातारे झाले, आम्ही तेलंगणात आलो, एकही सामान न हलवता.
वांकिडीला शोभा सोबत होती. सोनं दिलं-घेतलं. वजन एकाहत्तर.
परतीच्या बसमध्ये शो. म्हणाली, "आक्काची मान पाह्यली का तुमी? पुरणाचा एक घास घेतला, तो बी उठून मागं जाऊन टाकला."
मी म्हणालो, माझं एक औषध जन्मात चाललं, तर तुझ्या डोळ्यांत खुपून राह्यलं.
तिनं खिडकीकडं तोंड केलं. मी केरामेरीच्या घाटात झोपलो. झोप लागली, हे लिहून ठेवतो.

१५ ऑक्टो., शनिवार. वांकिडी
मॅनेजरला आणखी एक फोटो हवा होता, रिकाम्या स्ट्रिपा हातात धरून. म्हणून गेलो. एवढ्यासाठीच गेलो होतो.
"रिकाम्या कुठं हायेत, आक्का?"
"फेकल्या."
"सगळ्या?"
भाऊजी दुकानातून म्हणाले, "ते निळं काई तं म्या कधी पाह्यलं नाई कचऱ्यात." ते सहज बोलले.
आक्का उठली. ट्रंक उघडली, हिवाळ्याच्या शालीखालून काढून माझ्या मांडीवर ठेवल्या. सहा स्ट्रिपा. पाच अख्ख्या. सहावीतल्या चार कमी.
राखीनंतर दुसऱ्याच दिवशी आसिफाबादला बारशाला गेली होती. पानात भजी, वर तूप. कॅप्सूल घेतलेली. परत येताना बसमध्ये. "लुगडं गेलं, बाबू. शेजारी बाया बसल्या होत्या. वांकिडीवरी उठलीच नाई मी. सगळ्या उतरल्यावर उतरली." त्यानंतर एकही घेतली नाही.
"मंग सांगतलं काऊन नाई?"
"तू किती खूश होता. फोनवर भाऊजीले दोनदोनदा वजन इचारे."
"मंग हे वजन कशानं घटून राह्यलं?"
ती ट्रंक बंद करत होती. कडी लागेना. "पोळ्याच्या आधीपासून घास गिळवत नाई. पाठीत दुखते. मले वाटे, तुही नौकरी पक्की झाली का मंग दाखवीन."
दुकानात भाऊजी कोणाला तरी हळद बांधून देत होते. कागद फाडल्याचा आवाज आला. मग पुडी अर्धवट टाकून ते दारात आले.

१७ ऑक्टो. चंद्रपूर
सोनोग्राफी. डॉक्टरनं भाऊजींना बाहेर बसवलं आणि मला बोलावलं. म्हणाला, तुम्ही लाइनमधले, तुम्हाला समजेल. समजलं. हे शब्द मी एकवीस वर्षं चकचकीत कागदावरून लोकांना वाचून दाखवले आहेत. जठराच्या तोंडाशी गाठ. नागपूरला न्या, लवकर.
बाहेर आक्का म्हणाली, "काय म्हनला?" मी म्हटलं, सूज आहे. एमआरला खोटं बोलायचा पगार मिळतो. फुकट बोलायची ही पहिली वेळ.

१९ ऑक्टो. आदिलाबाद
डॉ. रा. यांच्याकडं नंबर लावून गेलो, पेशंटसारखा. बॅग नेली नाही. सगळं सांगितलं. ज्या पाच जणांना माझ्या फोटोवरून लिहून दिली त्यांना बोलवा, म्हटलं. वजन घटत असेल तर खूश होऊ नका, आधी तपासा. ते बराच वेळ पॅडवर टोपण ठोकत राहिले. मग पाचही नावं आठवून कंपाउंडरला दिली. माझ्याकडून फी घेतली नाही. "मैंने भी तो देखा था वो फोटो," म्हणाले. "डॉक्टर तो मैं हूँ."
गजूनं दोन्ही पाकिटं परत केली.  पैसे न मोजताच खिशात घातले.
मॅनेजरला फोन: तो फोटो ग्रुपवरून काढून टाका. "अरे, पहली बार माल उठ रहा है. पेशंट तो पेशंट है, वजन तो घटा ना?" मी कापला फोन.

२४ ऑक्टो. नागपूर
भरती केलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? भाऊजींनी पिशवीतून ती वही काढली. राखीपासून दर सोमवारचं वजन, बारदाना कापून, सुबक आकड्यांत. बाईंनी पानं उलटली. "इतकं नीट लिहून ठेवलंय. मग तेव्हाच का नाही आणलं?"
भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.
भरतीच्या कागदावर जिल्हा विचारला. आक्का म्हणाली, "आदिलाबाद." मी दुरुस्त करायला गेलो, ती म्हणाली, "राहू दे. मी तिथलीच हाये."

२८ ऑक्टो.
कंपनीचं पत्र. आदिलाबाद व आसिफाबादमधील निळीची विक्री पुन्हा शून्यावर का आली, लेखी कळवावे, अन्यथा. फॉर्म पुढ्यात घेऊन बसलो. किंमत, संडास, सुयांची दुआ, वजन वाढवायची पावडर, बसमधलं लुगडं. दीड इंचात मावत नाही. आणि एक कारण, की ती जिच्यावर चालली असं सगळ्यांनी पाहिलं, तिनं चारांपलीकडं ती घेतलीच नव्हती. रकाना कोरा पाठवला.
आक्काला म्हटलं, तो फोटो ग्रुपवरून काढून टाका म्हणतो, ते ऐकत नाहीत.
"राहू दे ना. चांगली दिसून राह्यली मी त्यात."
मग डोळे मिटून: "आबा असते तं म्हनले असते, पोरगी अंगानं बरोबर झाली."

१ नोव्हें. भाऊबीज
वॉर्डात दिवा मना. तिनं नुसता हात फिरवला माझ्यापुढून, ताट धरल्यासारखा. शोभानं तिचा हात खालून धरला होता. मला पोचेल इतका वर जात नव्हता.
शो.ला अजून माफी मागितलेली नाही. ती डबे करून आणते, आक्काचे केस विंचरते. मागायची जागाच ठेवत नाही.
रिपोर्ट गुरुवारी म्हणाले होते. आता सोमवार म्हणतात. ऑपरेशन होईल की नाही ते त्यावर.

४ नोव्हें., शुक्रवार. वांकिडी
आक्काचे कपडे न्यायला आलो. भाऊजी नागपुरातच. कुलूप काढत होतो, तर समोरच्या ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या पद्माबाईंनी हाक मारली. आक्काला त्या अक्काच म्हणतात, तेलुगूतलं.
"अक्काचे ब्लाऊज माझ्याकडं आहेत. सहा आत घेतले. दोन खेपा झाल्या, पोळ्याला एकदा, मंग दसऱ्याच्या आधी. पैशे राह्यले. त्या म्हनल्या, दुकानातून मांगू नको, यायले कळते." यायले म्हणजे भाऊजींना.
म्हणजे पोळ्यापासून तिला माहीत होतं. आणि या बाईला. सगळ्या गावात मीच एक औषधातला माणूस होतो.
"आतली माया कापू नको म्हनल्या होत्या," पद्माबाई म्हणाल्या. "मी नाई कापली. पाहा." उलटून दाखवलं. शिवणीच्या आत चार बोटं कापड, दुमडून, टाचून ठेवलेलं.
किती झाले विचारलं. त्यांनी बोटांवर सांगितले. मोजून दिले.
मशीनच्या खणातून त्यांनी आणखी दोन ब्लाऊज काढले. मागच्या महिन्यात दिलेले, हात लावलेला नव्हता. "हे आत घेऊ, का राहू देऊ तसेच?"
मी दोन्ही हातात घेऊन पाहिले. त्यांनी पायडलवरचा पाय काढून घेतला.
तसेच राहू द्या, म्हणालो. आणि त्या दोन्हींच्या न केलेल्या शिलाईचेही पैसे देऊन टाकले.