उघडून धरलेली बाटली

बाबा, तुमची कोरी बाटली खराब निघाली. तुमची म्हणजे आता माझी, पण या कामाला मी अजून तुमचंच म्हणतो. शाळा अर्धवट सोडून मी काय काय केलं. रायपूरच्या सदर बाजारात मोबाइलची कव्हरं विकली, एका ट्रकवर नागपूर-बिलासपूर फिरलो (त्याचा ड्रायव्हर फार मजेदार होता, पण ते राहू द्या), आणि शेवटी तुमच्याच प्रयोगशाळेत आलो, नदीचं पाणी बाटल्यांत भरून आणायला. खांद्याला तुमच्यासारखीच बर्फाची पेटी.

मी लहान होतो तेव्हाचं आठवतं, आपलं राज्य नुकतंच नवं झालेलं. तुम्ही ओट्याजवळ उभे राहून पेटी भरताय. रिकाम्या बाटल्यांसोबत दोन भरलेल्या, शुद्ध पाण्याच्या, त्याच कोऱ्या. शेजारचे काका दारातून विचारतात, "काहो भाऊ, नदीले पाणी पाजाले चालले का?" तुम्ही हसत नाही. मी काहून काहून करत मागं लागतो, तेव्हा सांगता की एक बाटली नुसती फिरवून आणायची, उघडायची नाही. दुसरी काठावर उघडून धरायची, नमुने भरून होईस्तोवर, आणि झाकण लावून परत आणायची. तिच्यात नदीचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. या दोन्ही स्वच्छ निघाल्या, तरच नदीच्या बाटलीत सापडलं ते नदीचं. "नाही तं आपण आपलीच घाण मोजून राहिलो असतो," तुम्ही म्हणालात.

मागच्या महिन्यात, नाला खारून नदीला मिळतो तिथले नमुने देऊन आलो आणि लॅबमधल्या दीदीचा फोन आला. "भैया, खुली वाली में लोहा आ रहा है. ढक्कन ज़मीन पे रखा था क्या?" नव्हतं ठेवलं. तरी सगळ्या बाटल्या बाद. पुन्हा गेलो. नवे हातमोजे, झाकण मुठीत, श्वाससुद्धा तोंड फिरवून घेतला. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून वारा येत होता. पुन्हा तेच निघालं. न उघडलेली स्वच्छ, उघडलेली खराब. "आपका हाथ नहीं, हवा है," दीदी म्हणाली. "धूल गिर रही है. आगे से गाड़ी में बैठके, काँच चढ़ाके खोलना." तिसऱ्या खेपेला लॅबची गाडी नेली, तसं केलं, आणि बाटली चांगली निघाली. दीदीचा प्रश्न मिटला. ती वाईट नाही, तिला नदी मोजायची आहे.

माझा नाही मिटला. परत येताना मला सारखे तुम्ही दिसत होतात, त्याच काठावर, हातात उघडी बाटली, वाऱ्याकडे तोंड करून. बाटलीला झाकण होतं, बाबा. तुम्हाला कुठं होतं? शेवटच्या वर्षी तुमचा खोकला काकांच्या घरात ऐकू जायचा. बिडी नाही, तंबाखू नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. तेव्हा मी ते ऐकून घेतलं. आता नव्या रायपुरात रिपोर्ट द्यायला जातो, तिथले रस्ते रुंद, खिडक्या बंद, तर मी तिथंही कठड्यावरून बोट फिरवून धूळ बघतो. आणि आपलं घर तर वाऱ्याच्या वाटेवरच आहे. आई तिथं एकटी राहते.

म्हणून एक कोरी बाटली घरी नेली आणि गच्चीवर उघडून धरली. आई बाजेवर कुरडया घालत होती.

"काय करून राहिला रे?"

"पाण्याले हवा दाखवून राहिलो."

"बापावर गेला." तिनं पदरानं रिकामं ताट पुसलं. पदर काळा झाला. तिनं तो बघितलाही नाही, नुसता उलटा करून खोचला.

मी म्हटलं, "आई, तू माह्यासंग राहाले चाल."

"कुठं? तुह्या खोलीत? वर्षात तीन खोल्या बदलवतं तू. तुह्या मागं मी गाठोडं घेऊन फिरू का, ह्या वयात?"

मी दुसरं घर बघतो म्हणालो. "कोण्या गोष्टीसाठी?" तिनं विचारलं. बाटली माझ्या हातात होती. मी झाकण लावलं आणि ऊन फार आहे म्हणून खाली आलो.

ती बाटली आता माझ्या खोलीतल्या फ्रिजमध्ये आहे, ताकाच्या भांड्यामागं. दीदी म्हणाली होती, ले आना भैया, देख देंगे. रोज सकाळी मी पेटीत बर्फ भरतो, बाकी सगळ्या बाटल्या नेतो. ती हातात घेतो, उजेडात धरतो आणि परत ठेवतो. दिसायला अगदी स्वच्छ आहे. लॅबचा कागद आला की आईला सांगावं लागेल, आणि सांगितल्यावरही ती हललीच नाही तर काय करू, हे मला माहीत नाही.

कुरडया गच्चीवर त्याच वाऱ्यात वाळल्या. काल दुपारी तिनं तळल्या आणि ताट पुढं सरकवलं. बाबा, मी खाल्ल्या. आणखी घे म्हणाली, तर आणखी घेतल्या.