बाजूबंदाखालची सुई

मखमलाबाद, नाशिक

प्रिय धोंडीराम,

पेठच्या डोंगरात बसून तू फर्मान काढलंस म्हणे. नातसून पूजा पोटुशी आहे, पण आपल्या घरातल्या बायकांनी कधी धनुर्वाताची सुई घेतली नाही, तर तीही घेणार नाही! अरे, शाळेत कवितेची ओळ विसरलास की असाच आवाज चढवायचास. फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून पत्र. भांडायला नाही, कालची गंमत सांगायला.

काल आमच्या नातसुनेचं, भाग्यश्रीचं डोहाळजेवण झालं. माळ्याचं घर, तेव्हा फुलांचे दागिने आपल्याच मळ्यातले. निशिगंधाचा मुकुट, दंडावर गुलाबाचे भरगच्च बाजूबंद. पोरगी अशी दिसत होती, जणू पाठ्यपुस्तकातली एखादी कविताच उठून अंगणात आली. तेवढ्यात तिच्या नवऱ्याला, महेशला आठवलं, की धनुर्वाताची दुसरी सुई आजच आहे! आमची म्हातारी, कलाबाई, अडून बसली. ओटी भरेपर्यंत अंगावरचं फूल उतरवायचं नाही, हा रिवाज. मग काय, निघाली वरात तशीच रिक्षातून आरोग्य केंद्रात. सिस्टर म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर बागच उचलून आणलीत. हिचा दंड कुठाय?" मी दोन बोटांनी बाजूबंद वर धरला आणि डोळे गच्च मिटून घेतले. सुई झाली, कापूस लावून झाला, तरी माझे डोळे मिटलेलेच. भाग्यश्री म्हणते, "आजोबा, सुई मला होती!" रांगेतल्या बाया हसून हसून बेजार. संध्याकाळी तिचा दंड जरा ठणकला, पण जेवताना दोन पुरणपोळ्या जास्तच गेल्या.

तू म्हणतोस, आपल्या काळी कुठं होत्या सुया? नव्हत्याच रे. आठवतं, गुरुजींनी तुला पाळण्याची कविता म्हणायला उभं केलं होतं? साऱ्या वर्गात गोड गळा तुझाच, पण तू नुसता पायांकडे बघत राहिलास. तुझा तान्हा भाऊ बारशाआधीच आखडून गेला होता. लोक म्हणाले, बाहेरची बाधा. काल सिस्टरला विचारलं, तर म्हणाली, तो धनुर्वातच असावा. आईनं सुई घेतली की बाळाची राखण पोटातच सुरू होते. परतताना रिक्षात ती तुझी न म्हटलेली कविता माझ्या कानात घुमत होती.

आता खरं सांगतो, चिडू नकोस. हे पत्र पूजानंच लिहायला लावलं. भाग्यश्रीला फोन करून रडली बिचारी. तिला कोण अडवणार? तुझा नातू जीवन तिला गुपचूप न्यायला तयार आहे. पण तीच म्हणते, आजोबांना चोरून नाही जायचं. पहिलं पोर आहे, त्यांच्यासोबतच जाईन. एवढी माया म्हातारपणी कुणाच्या वाट्याला येते रे? तेव्हा मंगळवारी, तुमच्याकडच्या केंद्रात सुया देतात त्या दिवशी, सकाळी धुतलेली टोपी घाल आणि अंगणातून तिला हाक मार. नुसतं 'जा' म्हणू नकोस धोंड्या, 'चल' म्हण.

तुझाच बाकावरचा सोबती,
सावळीराम