तेलकट कंट्रोलर

रायस्वाइक, मे २०२०. मंगळवार, संध्याकाळ.

गेममधली सगळी फुलं गोळा झाली की ट्रॉफी. मला ती एकटीने मिळवायचीय, आणि आज पुन्हा दोन फुलं आपोआप जमा झालेली! नवऱ्याचाच उद्योग असणार. "मी दिवसभर मीटिंगमध्ये असतो," म्हणे. मग कंट्रोलर तेलकट कसा?

रागारागाने पुसायला घेतला, तर खोबरेलाचा वास. हा कधी डोक्याला तेल लावतो?

विमानं बंद म्हणून सासूबाई इथेच अडकल्यात. जेवताना सहज विचारलं, "आई, दुपारी काय करता?"

"काही नाही गं, पडते जरा."

चापूनचोपून तेल लावलेलं डोकं ताटावर झुकलेलं. मी उठले, तर मागून हळूच म्हणाल्या, "पुलाखालचं फूल तेवढं तू काढ. मला पाण्याची भीती वाटते."